घाटाखालचं निमाड : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या अंकात निमाडातल्या, म्हणजे विंध्याखालच्या नर्मदा खोऱ्यातल्या, महेश्वर-मंडलेश्वर परिसरावर मजकूर छापला आणि इंदूरच्या वाचकांची पत्रं येऊ लागली. कुणाचं आजोळ तिकडे, कुणाला निवृत्तीनंतर नदीकाठी राहायचंय, कुणी दर अमावस्येला स्नानाला जातं. त्यांतले निवडक प्रश्न बांधकाम, नदी, विणकाम आणि शेती जाणणाऱ्यांपुढे ठेवले. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, वाचकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मंडलेश्वरला आमचं वडिलोपार्जित घर आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या भिंती. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा गेल्या आहेत. दर उन्हाळ्यात गवंडी बोलावून सिमेंट भरून घेतो, पुढच्या वर्षी चीर शेजारून निघते. आता मागच्या अंगणात दोन खोल्या वाढवायच्या आहेत. पाया कसा घ्यावा? (राजेंद्रनगर)

उत्तर : आधी चीर कधी रुंदावते ते बघा. मे महिन्यात तिच्यात पोस्टकार्ड सहज जातं आणि सप्टेंबरात ती मिटत आलेली असते, असं असेल तर दोष भिंतीचा नाही, खालच्या काळ्या मातीचा आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. घराच्या मधोमध, छपराखाली, ओल वर्षभर साधारण सारखीच राहते. कडेची माती मात्र पावसात तुडुंब भिजते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे घराच्या कडा वर्षातून एकदा उचलल्या जातात, एकदा खचतात. भिंतीचा कमजोर भाग म्हणजे खिडकी-दाराचा कोपरा, म्हणून चीर तिथून तिरपी धावते. तुम्ही नेमकं मे महिन्यात, चीर सगळ्यांत रुंद असताना, तिच्यात कडक सिमेंट ठासता. पावसाळ्यात चीर मिटू बघते, तिला जागा मिळत नाही, मग भिंत शेजारी फुटते. गवंड्याचा दरवर्षीचा रोजगार तेवढा पक्का होतो.

खातरजमा करायची तर पातळ काचेची बोटभर पट्टी चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. भिंत हलली की काच तडकते. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करून दर महिन्याला अंतर मोजलं तरी चालेल. हे वर्षभर करावं, दोन महिन्यांत निकाल लावू नये.

जुन्या घराचा खरा इलाज भिंतीत नाही, अंगणात आहे. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी पडत असेल तर पन्हळ लावून ते दूर न्या. चारही बाजूंनी भिंतीला लागून किमान दीड मीटर रुंदीचा फरशीबंद पट्टा करा, खाली मुरूम ठोकून घ्या, उतार बाहेरच्या बाजूला पन्नासाला एक ठेवा. फरशी आणि भिंत यांच्यामधली फट सिमेंटने जोडू नका, डांबर भरा, कारण दोघं वेगवेगळी हलणार आहेत. न्हाणीची मोरी, गळका नळ, शौचालयाची टाकी यांची गळती आधी शोधा. एकाच कोपऱ्यात चिरा जास्त असतील तर बहुधा तिथेच पाणी मुरत असतं. भिंतीलगत मोठं झाड नको. साधारण झाडाच्या उंचीएवढं अंतर हवं. पण असलेलं जुनं झाड एका दिवसात तोडूही नका, कारण ते जी ओल शोषत होतं ती मातीत राहते आणि त्या बाजूची जमीन फुगून भिंत उलट्या दिशेने फाटते.

चिरा भरायच्या त्या हिवाळ्यात, त्या मध्यम रुंद असताना. भिंत चुन्यातली असेल तर चुनाच वापरा : एक भाग भिजवून मुरवलेला चुना, तीन भाग वाळू, हवी असल्यास वाळूतली थोडी कमी करून विटेची भुकटी. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक असतं आणि ओल आत कोंडून ठेवतं, मग गिलावा सोडून विटाच झडू लागतात.

आता नव्या खोल्या. घरच्या घरी एक चाचणी करता येते. अंगणात दोन-तीन फुटांखालची माती घ्या, वाळवा, कुटा आणि अगदी बारीक चाळणीतून काढा. दोन सारख्या, उभट, खुणा असलेल्या काचेच्या नळ्यांत दहा-दहा ग्रॅम टाका. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरा, ढवळून बुडबुडे जाऊ द्या आणि चोवीस तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपटीच्या आत असेल तर माती फारशी त्रासदायक नाही. दुप्पट किंवा त्याहून वर गेला तर साधा उथळ पाया तिथे टिकणार नाही. प्रयोगशाळेत हीच चाचणी होते, फक्त नळी मोठी असते.

मग एक खड्डा खणून काळी माती किती खोल आहे ते बघा. दीड-दोन मीटरवर मुरूम किंवा खडक लागला तर पाया तिथपर्यंत न्यावा, अर्ध्यावर थांबू नये. काळी फार खोल असेल तर खाली कंद असलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, घ्यावेत. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी बसवली. खांब किमान साडेतीन मीटर खोल, तळाशी खांबाच्या अडीचपट व्यासाचा कंद. म्हणजे खांब ३० सेंटीमीटरचा असला तर कंद ७५ चा. मोसमी हालचाल वरच्या थरात होते, कंद खालच्या स्थिर मातीत घट्ट रुतून बसतो. खांबांना जोडणाऱ्या तुळईखाली सात-आठ सेंटीमीटर मोकळी जागा सोडायची, नाहीतर फुगलेली माती तुळईच उचलते. किती खांब आणि किती सळी, हे स्थापत्य अभियंत्याकडून काढून घ्या.

दोन चुका सर्रास होतात. पायाची खणलेली काळी मातीच जोत्यात भरली जाते, कारण ती फुकट आणि हाताशी असते. दोन वर्षांत फरशी मधोमध फुगते. जोत्यात मुरूमच हवा, वीत-वीतभर थर देऊन, पाणी मारून ठोकलेला. आणि नवी भिंत जुन्या भिंतीत दात काढून गुंफली जाते. तसं करू नका. मध्ये इंचभर फट ठेवा आणि वरून पट्टीने झाका. दोन्ही बांधकामांचं हलणं कधीच एकसारखं नसतं.

शेजाऱ्यांना एवढं जरूर विचारा, की सप्टेंबर २०२३ च्या पुरात पाणी गल्लीत कुठवर आलं होतं. जोतं त्या खुणेच्या वर घ्या.

प्रश्न : नर्मदेला पूर नसताना, भर उन्हाळ्यातही घाटावर पाणी अचानक चढतं असं ऐकलं. हे खरं आहे का? मुलांना घेऊन स्नानाला जातो, नावेतही बसतो. (लोकमान्यनगर)

उत्तर : खरं आहे, आणि त्याचा पावसाशी संबंध नाही. महेश्वरच्या वर दोन मोठी धरणं आहेत : पुनासाचं इंदिरा सागर, १००० मेगावॉटचं, आणि त्याखाली ओंकारेश्वर, ५२० मेगावॉटचं. विजेची मागणी वाढली की यंत्रं सुरू होतात आणि पाणी खाली सुटतं. ओंकारेश्वरची आठही यंत्रं पूर्ण चालली तर सेकंदाला सुमारे १९०० घनमीटर पाणी येतं. यंत्रं बंद असली की खडक उघडे पडतात. त्यामुळे इथली नदी आता दिवसातून चढते-उतरते आणि तिचं वेळापत्रक विजेच्या मागणीवर ठरतं. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावस्येच्या यात्रेत असंच वरून सुटलेलं पाणी आलं आणि काठावर झोपलेले अनेक यात्रेकरू वाहून गेले. धरणावरचा भोंगा इतक्या खाली ऐकू येत नाही, हे लक्षात ठेवा.

घाटावर उतरलात की पाण्याच्या रेषेवर, कोरड्या-ओल्याच्या सीमेवर, एक गोटा ठेवा आणि दहा मिनिटांनी बघा. गोटा पाण्यात गेला असेल तर सगळ्यांना वर घ्या. चपला आणि कपडे किमान सात-आठ पायऱ्या वर ठेवा. पाण्याचा रंग अचानक गढूळ होणं, काडीकचरा आणि फेस वाहत येणं, स्थिर असलेल्या नावा दोरीला ताण देऊन फिरू लागणं, ही चढत्या पाण्याची लक्षणं. नावाडी ती आधी ओळखतात. ते हाका मारू लागले की वाद घालू नका.

बहुतेक अपघात खोल पाण्यात होत नाहीत, शेवाळलेल्या पायरीवर होतात. रोज भिजणाऱ्या-सुकणाऱ्या पायऱ्यांवर हिरवट बुळबुळीत थर असतो. उतरताना अंग बाजूला वळवा, एक हात वरच्या पायरीवर किंवा साखळीवर ठेवा, टाच आधी टेकवू नका, पूर्ण तळवा टेकवा. दिसणारी शेवटची पायरी ही शेवटची समजा, त्यापुढे थेट उतार असू शकतो. मुलांना कमरेच्या वर पाणी नको.

नावेत जीवरक्षक जॅकेट सीटखाली ठेवलेलं असतं आणि मागितल्याशिवाय मिळत नाही. मागा. तिन्ही बकलं लावा आणि खांद्याला धरून वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं होतंय, पाण्यात ते निघून जाईल. मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाला घालणं म्हणजे नुसतं समाधान.

सहस्रधारेचा प्रकार वेगळा आहे. महेश्वरच्या थोडं खाली नदी बेसॉल्टच्या खडकांतून असंख्य धारांत फुटते. तिथे कनू स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यात छोटी होडी फाटकांमधून वळवत नेण्याच्या, राष्ट्रीय स्पर्धा होतात, यावरून ओघाचा जोर समजावा. खडकांत रांजणखळगे आहेत. गुडघाभर वेगवान पाण्यात उभं राहायला गेलं की पाय खळग्यात किंवा कपारीत अडकतो आणि ओघ माणसाला पालथा पाडतो. कुणी वाहू लागलंच तर त्याने पाठीवर पडून पाय पुढे, म्हणजे ओघाच्या दिशेला, ठेवावेत आणि पाणी संथ होईपर्यंत उभं राहायचा प्रयत्न करू नये. काठावरच्यांनी उडी न मारता दोरी, साडी, बांबू, जे हाती लागेल ते फेकावं. फोटोसाठी सहस्रधारेला जायचं तर खडकावरून बघावं. तिथे स्नान करू नये असंच आमचं मत आहे.

प्रश्न : महेश्वर इंदूरपासून शंभर किलोमीटरही नाही. मग तिकडे इतकं का उकडतं? (टिळकनगर)

उत्तर : अंतर कमी असलं तरी उतार मोठा आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, महेश्वर त्याच्या जवळपास ४०० मीटर खाली. कोरडी हवा शंभर मीटर खाली उतरली की सुमारे एक अंशाने तापते, म्हणजे उन्हाळी दुपारी चारेक अंशांचा फरक नुसत्या उंचीनेच पडतो. त्यातून खोरं उत्तरेला विंध्य आणि दक्षिणेला सातपुडा यांच्यामध्ये कोंडलेलं. माळव्यात संध्याकाळी जी झुळूक येते ती इथे पोचत नाही आणि काळा खडक दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री परत देतो. खरगोन जिल्ह्यात मे महिन्यात ४५ अंश नवल नाही.

मुक्काम करायचा तर जाड भिंतींचं, उत्तरेकडे खिडक्या असलेलं घर बघा. जूनच्या मध्यापर्यंत पाण्याचा कूलर उत्तम काम देतो, पण समोरची खिडकी उघडी ठेवली तरच. बंद खोलीत तो दमटपणा वाढवतो आणि जुलैत तर काहीच कामाचा राहत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर मार्चपासूनच दुपारी अनवाणी चालवत नाही. वृद्धांना नेताना सकाळी नऊच्या आत स्नान उरकावं, नंतर संध्याकाळ.

प्रश्न : इंदूरहून महेश्वर-मंडलेश्वरला जाम घाटाने जावं की धामनोदवरून? (सुदामानगर)

उत्तर : मंडलेश्वरला जायचं आणि दिवसाउजेडी जायचं तर महूवरून जाम घाट. अंतर कमी, आणि वरचा जाम दरवाजा अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ चा. तिथे उभं राहिलं की पठार कसं एकदम तुटतं आणि खाली निमाड कसं पसरतं ते एका नजरेत दिसतं. पावसाळ्यात तिथे धुकं इतकं दाटतं की पुढची गाडी दिसत नाही, शिवाय दरडीचे दगड रस्त्यावर असतात. रात्री, पावसात किंवा गाडी नव्याने शिकलेल्याने मानपूर-धामनोद हा हमरस्ता घ्यावा. त्यावरचा गणपती घाट अवजड गाड्यांच्या अपघातांसाठी बदनाम आहे, तेव्हा ट्रकच्या पुढे-मागे चिकटून राहू नका. दोन्ही घाटांत उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात, रबर जळल्याचा वास येतो आणि पुढच्या वळणावर पाय दाबूनही गाडी थांबत नाही. असा वास आला तर कडेला घेऊन अर्धा तास थांबा, चाकावर पाणी ओतू नका.

प्रश्न : सुनेसाठी महेश्वरी साडी आणि सासूबाईंसाठी नऊवारी घ्यायची आहे. हातमागाची खरी कशी ओळखावी? आणि धुवावी कशी? (स्नेहनगर)

उत्तर : ताई, पदराच्या दशांपासून सुरुवात करा. साडीचा उभा धागा म्हणजे ताणा. तोच पदराच्या टोकाला दशा होऊन लोंबतो. आजच्या नेहमीच्या महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, सुताचा असतो. दुकानदाराला सांगून दशीतला एक धागा काढून जाळा. केस जळल्यासारखा वास आणि चिमटीत चुरणारी काळी राख, तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. आडवा धागा कापलेल्या कडेतून काढा, तो कागदासारखा जळून करडी राख राहिली पाहिजे. दशी जाळू न देणाऱ्या दुकानात फार वेळ घालवू नये.

दुसरी खूण काठाची. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यालाच बुगडी म्हणतात. उलट्या बाजूला लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर संशय घ्या. तिसरी, कडेला थोड्या-थोड्या अंतरावर बारीक छिद्रं. विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुयांची ती खूण आहे. आणि साडी उजेडासमोर धरा : हातमागात कुठेतरी एखादी ओळ किंचित दाट-विरळ असतेच. पूर्ण एकसारखी वीण हे हातमागाचं लक्षण नव्हे.

काठाचे नक्षीप्रकार ओळखीचे करून घ्या : चटाई, ईंट, हीरा आणि लाटांची लहर. यांतले बरेचसे किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामात दिसतात. पदराला पाच पट्टे ही जुनी पद्धत. आज गावात जो माग चालतो त्याला १९७० च्या दशकाच्या अखेरीस विणकरांसाठीची रेहवा सोसायटी उभी राहिल्यावर पुन्हा जोर आला, त्याआधी बरेच माग थंडावले होते.

नऊवारी दुकानात तयार मिळेल या भरवशावर जाऊ नका. मागावर ताणा चढवताना लांबी आधीच ठरते. साडेपाच मीटरच्या हिशेबाने आखलेल्या ताण्यावर मधूनच सव्वाआठ मीटर काढायचं तर विणकराचा पुढचा हिशेब बिघडतो. महिना-दोन महिने आधी सांगून ठेवा. पन्हा आणि काठाची रुंदी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यावर मोजून कळवा. ‘नेहमीसारखा काठ’ एवढ्यावर काम होत नाही.

धुताना पहिल्यांदा नुसतं थंड पाणी, एकटी साडी, पाचेक मिनिटं. रंग सुटला तर घाबरू नका, पण भिजत ठेवू नका. नंतर रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत वाळवायचं. साडीला जरीचा काठ असेल तर डांबरगोळ्या कपाटात ठेवू नका, त्याने तो काळवंडतो. मलमलीत गुंडाळा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. रेशमी ताणा एकाच घडीवर वर्षभर राहिला की तिथेच चिरतो. दुरुस्तीला आलेल्या महेश्वरीत ही चीर फार दिसते.

प्रश्न : नर्मदेचा गोटा पूजेत ठेवायचा आहे. दुकानातले सगळे सारखेच गुळगुळीत दिसतात. (रामबाग)

उत्तर : सारखे दिसतात कारण ते घासलेले असतात. खरगोन जिल्ह्यातल्या बकावाँ गावात घरोघरी हेच काम चालतं : नदीतून दगड आणायचा, फोडून आकार द्यायचा, चाकावर घासायचा, शेवटी चकाकी आणायची. दगड नर्मदेचाच, आकार माणसाचा. त्यात फसवणूक नाही, फक्त ‘नैसर्गिक’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. ओघाने आपोआप घडलेल्या बाणांसाठी, म्हणजे शिवलिंगाच्या आकाराच्या गोट्यांसाठी, धाराजीजवळचं धावडी कुंड प्रसिद्ध होतं. ते आता ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली आहे.

नैसर्गिक गोटा क्वचितच दोन्ही टोकांनी सारखा असतो आणि त्याची कातडी भिंगाखाली बारीक खळग्यांची दिसते. घासलेल्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. दगड कसला आहे ते बघायचं तर तळाशी खिळा ओढा. नर्मदेतले अकीक, जास्पर हे गारगोटीच्या जातीचे दगड, खिळ्याने ओरखडत नाहीत, उलट खिळ्याचीच करडी रेघ दगडावर उमटते आणि ती पुसली जाते. खरा ओरखडा पडला तर दगड मऊ आहे. लिंबाचा थेंब टाकून फेस आला तर संगमरवर. पांढरा पट्टा नखाने निघाला तर रंग. ‘हर कंकर शंकर’ म्हणणाऱ्यांना यातलं काहीच करायची गरज नाही, नदीकाठचा कुठलाही दगड चालेल.

प्रश्न : काकांची कसरावदच्या बाजूला काठालगत थोडी जमीन आहे. पूर्वी नदीच्या रेतीत टरबूज-खरबूज व्हायचे. आता ते कमी का झाले? आपण लावू शकतो का? (वैशालीनगर)

उत्तर : रेतीतली वाडी ही नदीवर जगणाऱ्या केवट-कहार समाजांची जुनी शेती. पावसाळ्यानंतर पाणी ओसरलं की डिसेंबर-जानेवारीत उघड्या रेतीत ओल लागेपर्यंत, साधारण दोन-तीन फूट, खड्डे घ्यायचे, तळाशी पाटीभर कुजलेलं शेणखत घालायचं आणि मोड आणलेलं बी लावायचं. थंडीत बी उगवत नाही म्हणून ते रात्रभर भिजवून ओल्या गोणपाटात, चुलीच्या उबेला दोन-तीन दिवस ठेवतात. उत्तरेकडून गवताचा आडोसा करायचा. सुरुवातीला हाताने पाणी द्यायचं, नंतर मुळं स्वतःच खालच्या ओलीपर्यंत जातात. फळ तापलेल्या रेतीवर भाजू नये म्हणून खाली गवत घालायचं.

या शेतीचा सगळा भरवसा हिवाळा-उन्हाळ्यात पाणी एकदा उतरलं की उतरलेलं राहण्यावर होता. आता ते वरून सुटणाऱ्या पाण्याने चढतं. एकदा वेल बुडला, मुळाशी गाळ बसला की आठवड्यात पिवळा पडतो. पुन्हा लावायला हंगाम उरत नाही. रेतीचा उपसा झाला तिथे तर पट्टाच राहिलेला नाही.

काकांची जमीन काठावरची आहे, पात्रातली नाही, म्हणून तिथे जमेल. पात्रात लावायच्या भानगडीत पडू नका. माती काळी असेल तर गादीवाफे हवेतच, वीतभर उंच, वर ठिबक आणि आच्छादन. सपाट काळीत मुळं गुदमरतात. वेलावर दोन-तीनच फळं ठेवा. कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे येतात, सकाळी दव असताना राख धुरळली की कमी होतात. फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक मारलं तर मधमाश्या मरतात आणि फळ वाकडं धरतं. फळं तडकत असतील तर पाणी कधी कमी, कधी एकदम जास्त दिलं जातंय. देठाजवळचा वेलाचा कुरळा तंतू सुकला आणि जमिनीला टेकलेला डाग पिवळा झाला की तोडा. नुसत्या टिचकीच्या आवाजावर विसंबणारे कच्ची फळं बाजारात आणतात.

प्रश्न : निमाडची गणगौर, म्हणजे तिकडचा गौरीचा सण, बघायची म्हणून दिनदर्शिकेत चैत्र वद्य बघून गेलो, तर सगळं उरकलेलं होतं! (नारायणबाग)

उत्तर : काका, तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. त्यामुळे त्यांचं चैत्र कृष्ण म्हणजे आपलं फाल्गुन वद्य. गणगौर आपल्या फाल्गुन वद्य दशमी-एकादशीच्या सुमारास बसते आणि चैत्र शुद्ध तृतीयेला, म्हणजे आपली चैत्रगौर बसते त्या दिवशी, रथ निघतात. शुक्ल पक्षात घोटाळा होत नाही, म्हणून नर्मदा जयंती दोन्हीकडे माघ शुद्ध सप्तमीलाच, आपल्या रथसप्तमीला. भूतडी अमावस्या मात्र पाडव्याच्या आदल्या दिवशीची धरावी.

बघायचं तर शेवटचे दोन दिवस जा. बंद खोलीत, म्हणजे मातेच्या वाडीत, टोपल्यांमध्ये माती-खत घालून भिजवलेले गहू पेरलेले असतात. अंधारामुळे जवारे पिवळेधमक येतात. तृतीयेला वाडी उघडते आणि धणियर राजा व रनुबाई या देवदांपत्याचे रथ डोक्यावर घेऊन बायका झालरिया गात निघतात. वाडीत चप्पल घालून जाऊ नये आणि टोपल्यांवर फ्लॅश मारू नये, विचारून आत जावं.

प्रश्न : आमच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं ते नेमकं कुठून? (जुनी इंदूर)

उत्तर : मंडलेश्वरजवळच्या जलूदहून. सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून आणलेलं, १९७८ पासून. खर्च पाण्याचा नाही, चढाच्या विजेचा आहे. म्हणून तर महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढून जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. मंडलेश्वरला गेलात तर वाटेत पंपघर लागतं, आत जायला परवानगी लागते.

प्रश्न : महेश्वरला रेल्वे कधी येणार? (एक विद्यार्थी, राऊ)

उत्तर : इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो धार, खरगोन, बडवानी जिल्ह्यांतून जाणार आहे. त्याच्या भरवशावर आज जागा घेऊ नका. सध्या धामनोदपर्यंत बस, पुढचे बारा-तेरा किलोमीटर दुसरी बस किंवा जीप. शेवटची गाडी किती वाजता ते धामनोदला उतरल्याबरोबर विचारून घ्या.